‘सांगलीची हळद’ म्हणजे किती शब्द? ओपन सोर्समधलं पहिलं योगदान, पायरी पायरीने

‘सांगलीची हळद’ म्हणजे किती शब्द? पहिलीतलं पोरही दोन म्हणेल. मी रोजच्या नोंदी ठेवायला वापरते तो छोटासा ओपन सोर्स प्रोग्राम (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता येतो असा) मात्र खाली कोपऱ्यात चार दाखवायचा. ‘कवठेमहांकाळ’ लिहिलं की एकट्या गावाचे चार शब्द व्हायचे, ‘सातारा’चे तीन. जिल्ह्यातल्या दहाही तालुक्यांची नावं एकेक करून घालून पाहिली, तर बरोबर आलं ते एकटं ‘जत’.

वर्षभर मी हे हसण्यावारी नेलं. मग एका रविवारी विश्रामबागला माझ्याकडे येणाऱ्या चार मुलामुलींपैकी एकीने विचारलं, “ताई, ओपन सोर्समध्ये कोड द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?” म्हटलं, चला, हेच दुरुस्त करू. खालचं सगळं त्या एका दुरुस्तीच्या निमित्ताने लिहिलंय. दुरुस्ती शेवटी पंचवीसेक ओळींची झाली. तिला आमचे तीन रविवार लागले, आणि त्यात प्रत्यक्ष कोड लिहायचा वेळ जेमतेम दीड तास.

गिटच्या आज्ञा मी इथे बोलतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आधी सामान जुळवा

गिट आणि गिटहब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. गिट हा कोडमधल्या प्रत्येक बदलाची वही ठेवणारा प्रोग्राम. लिनस टोरवाल्ड्सने तो २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहिला. तो तुमच्या लॅपटॉपवर चालतो, नेट गेलं तरी चालतो. गिटहब ही त्या वह्या ठेवायची आणि त्यावर चर्चा करायची जागा. ती २००८ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली.

गिट बसवलं की ‘गिट कॉन्फिग’ने आपलं नाव आणि ईमेल सांगावं लागतं. इथे जरा थांबा. तो ईमेल तुमच्या प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे वहीतल्या बदलाच्या एकेका नोंदीत, छापला जातो आणि प्रकल्पाच्या इतिहासात कायमचा राहतो, कुणालाही दिसतो. खासगी पत्ता द्यायचा नसेल तर गिटहबच्या ईमेल सेटिंगमध्ये ‘नो-रिप्लाय’ पत्ता मिळतो, तो घाला. आमच्या ग्रुपमधल्या दोन्ही मुलींनी तोच घातला.

गिटहबचा पासवर्ड टाकून कोड वर ढकलणं ऑगस्ट २०२१ पासून बंद आहे. जुने व्हिडिओ पाहून करायला गेलात तर इथेच अडकाल. ‘एसएसएच-कीजेन’ने किल्ल्यांची जोडी तयार करा आणि त्यातली सार्वजनिक किल्ली, म्हणजे ‘डॉट पब’ शेपूट असलेली फाइल, गिटहबवर चिकटवा. दुसरी किल्ली कुणालाही देऊ नका, अगदी मित्राने ‘अडलंय, बघून देतो’ म्हटलं तरी.

प्रकल्प कुठला?

आपण वापरतो तो. याहून चांगला नियम मला सापडलेला नाही. रोज वापरातल्या गोष्टीत काय खुपतं ते तुम्हाला ठाऊक असतं, आणि दुरुस्ती चालली की नाही हेही तुम्हीच सांगू शकता. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी ही मोठी नावं झाली. हिशेबाच्या किंवा कारखान्याच्या कामात असाल तर मुंबईत जन्मलेलं ईआरपीनेक्स्ट आहे. पण पहिल्या खेपेला लहान प्रकल्प घ्या, ज्याचा सगळा कोड एका दुपारी चाळून होतो.

निवडण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. शेवटचं कमिट कधी झालंय? दोन वर्षांपूर्वी झालं असेल तर तिथे कुणी राहत नाही, दार वाजवून उपयोग नाही. बाहेरच्यांच्या पुल रिक्वेस्टना, म्हणजे ‘हा माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांना, उत्तरं मिळतात का? बंद झालेल्या पाचदहा उघडून वाचा, मालक मंडळी कशी बोलतात तेही कळतं. आणि ‘लायसन्स’ नावाची फाइल आहे का? ती नसेल तर कोड गिटहबवर उघडा दिसत असला तरी तो ओपन सोर्स नाही. कॉपीराइट लेखकाकडेच असतो, तुम्हाला वापरायचा किंवा बदलायचा हक्क मिळत नाही. एमआयटी, अपाची, जीपीएल अशी नावं दिसली की पुढे चला.

मग ‘रीडमी’ आणि ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ या दोन फाइली वाचा. ‘रीडमी’ म्हणजे प्रकल्पाची ओळख. ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ म्हणजे त्या घरची रीत: कोडची मांडणी कशी, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) कशा चालवायच्या, कमिटचा मजकूर कसा. ही फाइल न वाचता आलेला माणूस त्यांना पहिल्या ओळीत ओळखू येतो.

बांधावरून विचारा

शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडायचं तर आधी बांधावर उभं राहून हाक मारतो ना, तसंच इथे. कोड लिहायच्या आधी इश्यू शोधा, म्हणजे प्रकल्पाच्या पानावर मांडलेली अडचण किंवा काम. नवख्यांसाठी राखलेल्या कामांना बऱ्याच ठिकाणी ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी चिठ्ठी लावलेली असते. तुमची अडचण आधीच कुणी मांडलीय का तेही शोधून बघा, आणि बंद झालेल्या इश्यूंमध्येही बघा. कधी कधी ‘हे मुद्दाम असंच ठेवलंय’ असं उत्तर तिथे पडलेलं असतं.

आमच्या शब्दमोजणीचा इश्यू कुणी टाकलेला नव्हता, म्हणून आम्ही टाकला. मुलांचा पहिला मसुदा असा होता: ‘मराठीत शब्दमोजणी चुकते, कृपया दुरुस्त करा.’ हा वाचून पलीकडच्या माणसाने काय करावं? त्याला मराठी येत नाही. मग आम्ही तो असा केला: कुठली आवृत्ती, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, ‘सांगलीची हळद’ हे दोन शब्द चिकटवा, अपेक्षित २, दिसतात ४, शब्दांच्या मधे एकच रिकामी जागा आहे. शेवटी एक ओळ, ‘कारण सापडलंय असं वाटतं, तुमची हरकत नसेल तर दुरुस्ती पाठवू का?’ दोन दिवसांत होकार आला.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. छोटी, साधी वाक्यं पुरतात, पलीकडचाही पुष्कळदा जर्मन नाहीतर ब्राझीलचा असतो. मात्र ‘रिस्पेक्टेड सर, प्लीज असाइन मी’ हे सोडा. एक तर समोर सर असतील असं नाही, मॅडम असू शकतात. दुसरं म्हणजे, इश्यू ‘नावावर’ करून घेऊन पंधरा दिवस गायब होणाऱ्यांमुळे हे वाक्य बदनाम झालंय. नुसतं नाव लिहून सरळ बोलायचं.

घरी आणा, चालवा, मगच हात लावा

गिटहबवर ‘फोर्क’ दाबलं की प्रकल्पाची एक प्रत तुमच्या खात्यात येते. मूळ प्रकल्पात लिहायचा अधिकार तुम्हाला नसतो, स्वतःच्या फोर्कमध्ये असतो. मग ‘गिट क्लोन’ करून तो फोर्क लॅपटॉपवर आणा. तुमच्या फोर्कला गिट आपोआप ‘ओरिजिन’ म्हणतं. मूळ प्रकल्पाचा पत्ता ‘गिट रिमोट अॅड अपस्ट्रीम’ने वेगळा नोंदवा. नदीचं वरचं अंग म्हणजे अपस्ट्रीम. कृष्णा वरून साताऱ्याकडून येते आणि पाणी सांगलीला मिळतं, हे चित्र डोळ्यासमोर ठेवलं की कुठून ओढायचं आणि कुठे ढकलायचं यात घोटाळा होत नाही.

आता काहीही न बदलता प्रोग्राम चालवा आणि सगळ्या टेस्ट चालवा. ही पायरी सगळे गाळतात. आमच्याकडे एका मुलाच्या विंडोजवर काही न करताच दोन टेस्ट पडत होत्या, फाइलच्या वाटेतल्या तिरक्या दांड्यामुळे. हे आधी कळलं म्हणून बरं. नाहीतर स्वतःच्या बदलात चूक शोधत तो रात्र घालवता. बसवण्याच्या सूचनांपैकी एखादी जुनी झालेली आढळली तर ती टिपून ठेवा. ती दुरुस्त करणं हेही योगदानच आहे, आणि त्यासाठी नवखा माणूसच लागतो, जुन्यांना ती दिसत नाही.

पुढे ‘गिट स्विच’ला उणे-सी लावून नवीन ब्रँच, म्हणजे या कामापुरती वेगळी फांदी, काढा, नाव कामाचं द्या: ‘देवनागरी-शब्दमोजणी’ अशा अर्थाचं. ‘मेन’वर, म्हणजे मुख्य ब्रँचवर, काम करू नका. तिथे केलेलं काम पुढे अपस्ट्रीमशी जुळवताना नाकीनऊ येतात.

दुरुस्ती

प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत होता. शब्द मोजायला त्याने रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात ठरावीक नमुना शोधायची खूण) वापरलं होतं, उलट्या दांड्यापुढचा ‘डब्ल्यू’, म्हणजे ‘शब्दात बसणारं अक्षर’. पायथनच्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनला अक्षर आणि अंक शब्दातले वाटतात, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार मात्र वाटत नाहीत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ती स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘सांगली’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, संगणकाच्या वहीत ती सहा: स, काना, अनुस्वार, ग, ल, दुसरी वेलांटी. काना आला की शब्द तुटतो. म्हणून ‘स’ एक शब्द आणि ‘गल’ दुसरा. ‘जत’ला ना काना ना मात्रा, म्हणून ते एकटं वाचलं.

कोडला हात लावायच्या आधी आम्ही टेस्ट लिहिली: ‘सांगलीची हळद’ दिल्यावर उत्तर २ यायला हवं. चालवली, आलं ४. पडणारी टेस्ट हातात असणं म्हणजे अर्धी लढाई, कारण दुरुस्ती झाली हे आता यंत्रच सांगणार.

पहिला उपाय मुलांनी सुचवला तो सोपा होता, रिकाम्या जागेवर तोडा. टेस्ट पास झाली, पोरं खूश. पण जुन्या टेस्टपैकी एक पडली. इंग्रजीतले आडव्या रेघेने जोडलेले शब्द प्रोग्राम आजवर दोन धरायचा, आता एक धरायला लागला. आपल्या मराठीसाठी त्यांची इंग्रजी मोजणी बदलली. हे चालणार नाही. दुसऱ्याच्या प्रकल्पात जुनं वागणं जपणं हे नवं घालण्याइतकंच काम असतं.

दुसरा उपाय: देवनागरीचा युनिकोड पट्टा, ०९०० ते ०९७एफ, शब्दात धरायचा आणि त्यातले एकेरी-दुहेरी दंड (। आणि ॥), ०९६४ आणि ०९६५, वगळायचे. जुन्या-नव्या सगळ्या टेस्ट पास. हाच आम्ही पाठवला. तो पुढे बदलला, ते रिव्ह्यूमध्ये सांगते.

बदल कमीत कमी ओळींचा ठेवा. माझी सगळ्यात पहिली पुल रिक्वेस्ट, एका दुसऱ्याच प्रकल्पावरची, या एका गोष्टीपायी बंद झाली होती. बदल तीन ओळींचा, पण माझ्या एडिटरने सेव्ह करताना सगळ्या फाइलीची मांडणी स्वतःच्या आवडीने लावून टाकली, आणि पलीकडच्याला चारशे ओळी लाल-हिरव्या दिसल्या. त्याने एवढंच लिहिलं की यातला तुमचा बदल कुठला ते मला सापडत नाही. बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून कमिट करण्याआधी ‘गिट डिफ’, म्हणजे काय काय बदललं त्याची यादी, वरपासून खालपर्यंत वाचते, स्वयंपाक वाढायच्या आधी मीठ चाखतात तशी.

कमिट आणि त्याचा मजकूर

‘गिट अॅड’ करताना फाइलचं नाव द्या, सगळं उचलणारा टिंब वापरू नका. त्या टिंबापायी कितीतरी लोकांच्या पासवर्डच्या फाइली जगजाहीर झाल्यात. तसं झालंच तर फाइल पुसून भागत नाही, इतिहासात ती राहते. पासवर्ड किंवा टोकन ताबडतोब बदलायचं.

कमिटची पहिली ओळ साधारण पन्नास अक्षरांची, आज्ञार्थी: ‘देवनागरी मात्रांवर शब्द तोडू नका’. मग एक ओळ रिकामी. मग कारण. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते तिथे दिसत नाही, ते इथे लिहायचं. काही प्रकल्प ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ मागतात. ‘गिट कमिट’ला उणे-एस लावलं की ती पडते. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असं त्या सहीने तुम्ही कबूल करता. लिनक्स कर्नलमध्ये ही प्रथा २००४ पासून आहे.

नोकरी करणाऱ्यांनी ही ओळ गांभीर्याने घ्यावी. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. घरून पुण्याच्या कंपनीचं काम करणारे आता सांगलीतही पुष्कळ आहेत. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा वेळ आणि कंपनीच्या कामाशी जवळचा विषय असेल तर आधी लेखी विचारून घ्या. काही प्रकल्प सीएलए नावाचा वेगळा करारही करून घेतात, तो वाचूनच मान्य करा.

पुल रिक्वेस्ट

‘गिट पुश’ने ब्रँच आपल्या फोर्कवर ढकला, म्हणजे ओरिजिनवर. गिटहब स्वतःच ‘पुल रिक्वेस्ट उघडायची का?’ असं बटण दाखवतं. वर्णनात इश्यूचा क्रमांक ‘फिक्सेस’ शब्दापुढे लिहिलात तर कोड मर्ज झाल्यावर, म्हणजे मूळ प्रकल्पात मिसळल्यावर, तो इश्यू आपोआप बंद होतो. त्याखाली काय केलं, कसं तपासलं, कशाची खात्री वाटत नाही. तिसरी गोष्ट लिहायला लोक लाजतात. लाजू नका. ‘दंड वगळलेत, ते बरोबर आहे ना?’ एवढं आम्ही लिहिलं आणि तपासणाऱ्याची नजर नेमकी तिथे गेली.

पाठवल्यावर खाली पिवळा ठिपका दिसतो आणि तसाच राहतो. घाबरू नका. पहिल्यांदाच येणाऱ्याच्या कोडवर आपोआप चालणाऱ्या टेस्ट सुरू करायला गिटहबवर बहुधा प्रकल्पातल्या कुणाची तरी मंजुरी लागते.

नुसती संख्या वाढवायला पुल रिक्वेस्ट टाकू नका. डिजिटलओशन कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधल्या ओपन सोर्स उपक्रमात २०२० साली टी-शर्टपायी ‘रीडमी’त एखादं कौतुकाचं वाक्य घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टचा असा पूर आला की महिना सुरू होताच नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पांनी स्वतःहून नाव दिलं तेवढेच मग मोजले गेले. आता त्याची जागा एआयने लिहिलेल्या कोडने घेतलीय. काही प्रकल्प तो चालवून घेतात, काही सांगायला लावतात, आणि जेंटू लिनक्ससारख्यांनी २०२४ मध्ये तो सरळ बंद केला. नियम बघा. आणि नियम कुठलाही असो, ‘ही ओळ इथे का?’ विचारल्यावर उत्तर देता येणार नसेल तर ती ओळ पाठवू नका.

रिव्ह्यू

चार दिवसांनी उत्तर आलं. दंड वगळणं बरोबर, असं आधी लिहिलं होतं. मग प्रश्न: ‘फक्त देवनागरीच का? कन्नड, तमिळ, बंगालीतही हेच होत असेल ना?’

मुलांचे चेहरे उतरले. पण प्रश्न बिनतोड होता. जतच्या पूर्वेला घराघरांत कन्नड बोलतात, आणि आम्ही आमच्यापुरती पट्टी लावून आलो होतो. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक वर्ग असतो आणि काना-मात्रांसारख्या चिन्हांचा वर्ग ‘एम’ने सुरू होतो, लिपी कुठलीही असो. पायथनबरोबर येणाऱ्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलला तो विचारता येतो. मग पट्टा काढून टाकला: चिन्ह अक्षर किंवा अंक असेल, अधोरेघ असेल, किंवा ‘एम’ वर्गातलं असेल तर ते शब्दातलं. वर एक अपवाद. ‘वाऱ्यावर’ हा शब्द जुन्या पद्धतीने टाइप केला की मोडक्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडक असतो. त्याचा वर्ग वेगळा, म्हणून तो आणि त्याचा भाऊ, २००डी आणि २००सी, नावाने घालावे लागले. हे आम्हाला सुचलं कारण एका मुलीच्या आजोबांचे जुने लेख तिने सहज चिकटवून पाहिले.

रिव्ह्यूच्या वेळी नवी पुल रिक्वेस्ट उघडायची नाही. त्याच ब्रँचवर नवं कमिट करून ढकललं की जुनीच अद्ययावत होते. प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या, ‘केलं’ किंवा ‘असं नको वाटतं, कारण…’. हो, असहमत होता येतं. मधल्या काळात मूळ प्रकल्प पुढे गेला असेल तर ‘गिट फेच अपस्ट्रीम’ आणि मग ‘गिट रिबेस अपस्ट्रीम स्लॅश मेन’, म्हणजे आपले बदल ताज्या कोडवर पुन्हा बसवायचे. एकाच ओळीवर दोघांचा हात पडला असेल तर गिट थांबून दोन्ही बाजू दाखवतं. हवी ती ठेवा, खुणा पुसा, ‘गिट अॅड’ आणि ‘गिट रिबेस’ला ‘कंटिन्यू’. फारच गुंता झाला तर ‘अबॉर्ट’ म्हणा, सगळं पूर्वीसारखं होतं. रिबेसनंतर ढकलताना नुसता ‘फोर्स’ नको, ‘फोर्स-विथ-लीज’ वापरा. दरम्यान त्या ब्रँचवर दुसऱ्या कुणाचं काम आलं असेल तर ते त्याने चिरडलं जात नाही.

उत्तरच आलं नाही तर? आठ-दहा दिवस थांबा, मग एक ओळ. बहुतेक प्रकल्प नोकरी सांभाळून, फुकट चालवलेले असतात. आणि नकार आला तर कारण वाचा, ब्रँच जपून ठेवा, पुढे जा.

गिटहब नसेल तिथे

गनोम आणि केडीई हे लिनक्सच्या डेस्कटॉपचे प्रकल्प आपापल्या गिटलॅबवर (गिटहबसारखीच जागा) आहेत, तिथे पुल रिक्वेस्टला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. लिबरऑफिस गेरिट हे कोड तपासायचं साधन वापरतं, तिथे प्रत्येक कमिट वेगळं तपासतात आणि बदल करताना नवं कमिट न टाकता तेच सुधारून पाठवतात. लिनक्स कर्नल अजूनही ईमेलने पॅच, म्हणजे बदललेल्या ओळींचा मजकूर, घेतं. पहिल्या योगदानाला मी ते सुचवणार नाही. कुणी सोबत हवं असेल तर वालचंद कॉलेजचा लिनक्स यूजर्स ग्रुप इथे सांगलीतच आहे.

मर्ज झाल्यावर

जांभळं चिन्ह दिसलं की ‘मेन’वर परत या, अपस्ट्रीमवरून ताजं ओढून घ्या, कामाची ब्रँच पुसून टाका. पुढचं काम नव्या ब्रँचवर.

आमचं मर्ज झालं त्या रात्री मुलांनी ग्रुपवर भडंगाचे फोटो टाकले. मी उत्साहाने प्रोग्राम उघडला, ‘सांगलीची हळद’ लिहिलं, तर खाली अजून चारच. मर्ज म्हणजे प्रकाशन नव्हे. नवी आवृत्ती निघेपर्यंत बदल ‘मेन’वरच बसून राहतो. तोवर घाई असेल तर क्लोन केलेल्या प्रतीतूनच प्रोग्राम चालवायचा. मी सध्या तसाच चालवते.